पडली तरी उठणारी बाहुली

  आम्ही एका गटातल्या नऊ जणी आज तुमच्याशी बोलतोय. एकीने बोलायचं आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये आठवण करून द्यायची, असं ठरलंय.

आमच्या गटाने यंदा एक खेळणं तयार केलं. करवंटीची बाहुली. तिला ढकला, आडवी करा, ती पुन्हा उठून उभी राहते. जत्रेत अशी प्लास्टिकची बाहुली तुम्ही पाहिली असेल. मग आम्ही वेगळं काय केलं? ती का उठते, हे मुलांना स्वतःच्या हातांनी शोधून काढता येईल, अशी बाहुली केली. हे जमायला काय काय विचार करावा लागला, तेच आज सांगायचं आहे. ऐकून तुमच्या गटालाही ती करता यावी.

आधी हे सांगतो की या कामात आम्ही का पडलो. अंगणवाडीत, शाळेत खेळणी येतात, पण पुष्कळदा ती कपाटात राहतात. मोडतील, हरवतील, हिशेब कोण देणार, ही भीती असते. त्यात बाईंचीही चूक नाही. पण मुलाच्या हाती खेळणं पडत नाही, हे खरं. आम्हाला असं खेळणं हवं होतं की मोडलं तर गावातच दुरुस्त होईल, हरवलं तर दुसरं करता येईल आणि कपाटाला कुलूप लावायची गरज राहणार नाही.

दुसरं कारण आपल्या मनातलं. विज्ञान म्हटलं की आपण म्हणतो, "ते आम्हाला काय कळतंय!" आईने असं म्हटलं की लेक ते ऐकते आणि पुढे तीही तेच म्हणते. आता सांगा, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन दगडधोंड्यांतून चालत येणारी बाई काय करत असते? डोक्यावर चुंबळ ठेवते, म्हणजे हंड्याला बसायला रुंद जागा मिळते. मान आणि पाठ सरळ ठेवते. पाऊल वाकडं पडलं तर कंबर हलते, पण डोकं हलत नाही. वजनाचा तोल कुठे आहे आणि तो कुठे जाऊ द्यायचा नाही, हे तिच्या अंगाला ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात यालाच गुरुत्वमध्य म्हणतात. वस्तूचं सगळं वजन जणू ज्या एका ठिकाणी गोळा झालंय असं धरता येतं, ते ठिकाण. शब्द नवा असेल, पण गोष्ट आपल्या रोजच्या वापरातली आहे.

आता बाहुलीकडे येऊ. हाताशी कागद असेल तर लिहून घ्या.

करवंटी घ्यायची ती डोळ्यांच्या बाजूची नको. तिथला एक डोळा मऊ असतो आणि त्यातून ओला माल पाझरतो. दुसरी बाजू घ्या, पण टोक निघालेली नको. जमिनीवर ठेवून बोटाने फिरवून बघा. सगळ्या बाजूंना सारखी डोलली तर ती चालेल. थोडं टोक असेल तर पॉलिश पेपरने घासून काढा. काठ करवतीच्या पात्याने सरळ कापा आणि बोट फिरवून कुठे कूस लागत नाही ना ते पाहा. घासताना नाकातोंडावर ओढणी बांधा, धूळ फार उडते.

मग तळाला वजन. यावर आमच्यात सगळ्यात जास्त चर्चा झाली. आम्ही तीन प्रकार करून पाहिले. पहिला, वाळूचे खडे. ते सुटे असतात. बाहुली फुटली तर खडा लहान मुलाच्या तोंडात जाणार, म्हणून तो प्रकार बाद. दुसरा, शाडूची माती. ती वाळली की आकसते, तडकते आणि आपटल्यावर तिचा भुगा होतो. तिसरा, एक वाटी सिमेंट आणि तीन वाट्या वाळू यांचा घट्ट माल. तोच आम्ही ठेवला. एका बाहुलीला साधारण दीडशे ग्रॅम माल लागतो. करवंटी आतून खरखरीत करायची, माल तळाला दाबून बसवायचा आणि आठ दिवस ओल्या फडक्याखाली ठेवायचा. ओल्या सिमेंटने हाताची कातडी जळते, म्हणून हातमोजे हवेतच आणि हे काम मुलांच्या हाती द्यायचं नाही. माल पक्का झाला की वरून जुन्या सुती कापडाचे दोन थर चिकटवून टाकायचे.

यात एक युक्ती आहे, ती लक्षात घ्या. खेळणं कधी मोडणारच नाही असं धरून चालायचं नाही. मोडलं तर काय होईल, याचा विचार आधी करायचा. हा सिमेंटचा गोळा एकसंध आहे आणि चांगला आठ सेंटिमीटर रुंद आहे. उद्या करवंटी फुटली तरी तो कुठल्याही बाळाच्या तोंडात मावणार नाही.

वरचं अंग कागदाचं. जुन्या कॅलेंडरचा कागद दोन पदरी करून मैद्याच्या खळीने चिकटवायचा आणि त्याचा शंकू करायचा, साधारण बारा सेंटिमीटर उंच. टोक थोडं कापून वर नाण्याएवढी सपाट जागा करायची. हा शंकू करवंटीच्या काठावर टोपीसारखा बसवायचा. वरचं अंग जितकं हलकं तितकं चांगलं. नटवायला म्हणून वर मणी, टिकल्या, जाड लाकडी डोकं असं काही लावू नका. का, ते आता कळेलच.

बाहुली का उठते, ते नीट समजून घेऊ. तिचा तळ गोल आहे आणि जवळजवळ सगळं वजन तळाशी आहे. उभी असते तेव्हा ते वजन जमिनीच्या अगदी जवळ असतं. आपण तिला आडवी करतो, तेव्हा तिचं डोकं खाली जाताना दिसतं. आपण डोक्याकडेच बघतो, म्हणून फसतो. त्याच वेळी तळाचा जड गोळा एका बाजूने वर उचलला जातो. उचललेली जड वस्तू सोडली की खाली येते. गोळा खाली आला की डोकं वर जातं. म्हणजे आपण म्हणतो बाहुली उठली, पण खरं तर तिचं वजन खाली पडलं.

आता थोडं गणित, घाबरू नका. तराजूचं गणित आहे. करवंटीचा काठ ही मधली रेघ धरा. काठाच्या खाली जे वजन आहे ते बाहुलीला उठवतं, काठाच्या वर जे आहे ते तिला पाडतं. प्रत्येक वजनाला काठापासूनच्या अंतराने गुणायचं. खाली सिमेंट 150 ग्रॅम, त्याचा मध्य काठापासून साधारण 3 सेंटिमीटर खाली. झाले 450. करवंटी 40 ग्रॅम, मध्य अडीच सेंटिमीटर खाली. झाले 100. खालची बाजू मिळून 550. वर कागदाचा शंकू 10 ग्रॅम, त्याचा मध्य 4 सेंटिमीटर वर. झाले 40. साडेपाचशे विरुद्ध चाळीस. बाहुली उठणारच.

आता मुलांचा खरा खेळ. कणीक घट्ट मळून तिचे दहा दहा ग्रॅमचे गोळे करा, मोठ्या बोराएवढे. एकेक गोळा बाहुलीच्या डोक्यावर चिकटवायचा आणि दर वेळी तिला आडवी करून सोडायची. गोळा बारा सेंटिमीटर उंचीवर आहे, म्हणजे एक गोळा 120 चा. पहिला लावला, उठली. दुसरा लावला, उठली, पण थोडी हळू. चौथ्याला वरची बाजू 520 होते. आता ती आळस देत देत उठते. पाचव्याला 640 होतात आणि बाहुली पडते ती पडूनच राहते. पन्नास ग्रॅम कणीक म्हणजे मोठ्या चपातीचा एक उंडा. एवढ्याने खालचं सगळं वजन हरलं, कारण तो उंडा उंच बसलाय. करवंटी लहानमोठी असेल तर तुमच्या बाहुलीला एखादा गोळा कमी किंवा जास्त लागेल. तो किती लागतो, हे मुलांनीच मोजावं.

हेच आम्हाला हवं होतं. जत्रेतली बाहुली चारी बाजूंनी बंद असते. ती उठते, मूल हसतं, दोन दिवसांनी कंटाळतं. आमच्या बाहुलीची टोपी निघते, आत काय आहे ते दिसतं, वजन इकडचं तिकडे करता येतं आणि तिला हरवताही येतं. खेळणं हरतं कधी, हे कळलं की ते जिंकतं कसं, हेही कळतं. गटात आमचं यावरून दोन मतं पडली होती. काही जणी म्हणाल्या, बंद करून, रंगवून, चकचकीत डोळे लावून विकू, जत्रेत लगेच खपेल. ते खोटं नव्हतं. पण मग प्लास्टिकच्या बाहुलीत आणि आपल्या बाहुलीत फरक काय राहिला? शेवटी ठरलं की बाहुली उघडणारीच करायची. सोबत कणकेच्या खेळाची चार ओळींची चिठ्ठी द्यायची.

ही उघडणारी बाहुली पाच वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. त्याहून लहानांसाठी टोपी कापडी पट्टीने पक्की चिकटवलेली बाहुली वेगळी करायची. तीन वर्षांच्या आतलं मूल दिसेल ते तोंडात घालतं. खेळणी तपासणारे लोक एक लहान नळकांडं वापरतात, त्याचं तोंड 31.7 मिलिमीटरचं असतं. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो एवढ्या लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. आपल्या घरात ओळखायची खूण सांगतो. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं. त्याच्याएवढी किंवा त्याहून किंचित मोठी कुठलीही वस्तू बाळाच्या खेळण्यात सुटी होता कामा नये. बटणासारखे चपटे सेल आणि लहान लोहचुंबक तर कुठल्याच मुलाच्या हाती देऊ नका. ते पोटात गेले तर आतड्याला इजा करतात.

रंगाचंही तसंच. लाल रंगासाठी कोणी शेंदूर सुचवेल. पारंपरिक शेंदूर हे शिशाचं संयुग असतं आणि शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं. शेंदूर नको, दारं-खिडक्यांचा उरलेला ऑइलपेंटही नको. आम्ही गेरू, हळद आणि तव्याची काजळी खळीत कालवून वापरतो. वजनासाठी शिशाचे तुकडेही घालू नका, कितीही सोपे वाटले तरी. शेवटी प्रत्येक बाहुली कंबरेच्या उंचीवरून दहा वेळा जमिनीवर टाकायची. तडा गेला, काही सुटलं, तर ती विकायची नाही.

आता पैशाचं. आपण घरी बसून केलेल्या कामाचे तास धरत नाही, म्हणून आपला माल स्वस्त वाटतो. हिशेब असा करा. समजा तुमच्या गावात खुरपणीचा रोज तीनशे रुपये आहे आणि एक बाई दिवसभरात सहा बाहुल्या पुऱ्या करते. म्हणजे एका बाहुलीची मजुरी पन्नास रुपये. सिमेंट, खळ, कापड, पॉलिश पेपर यांचे पंधरा धरले. तुटफूट आणि गटाची बचत दहा. झाले पंच्याहत्तर. याच्या खाली विकली तर आपण आपल्याच खिशातून गिऱ्हाइकाला पैसे देतोय. करवंट्या देवळातून फुकट मिळतात, म्हणून बाई फुकट होत नाही.

विकण्याआधी कायदाही माहीत हवा. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांची खेळणी विकायला आयएसआय शिक्का सक्तीचा झाला आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. तेव्हा आपल्या कामाची तशी नोंद होईल का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या आणि मगच बाजारात उतरा. स्वतःच्या मुलांसाठी करायला कोणी अडवत नाही.

अशी बाहुली आपण पहिल्यांदा करतोय असंही नाही. तमिळनाडूत तंजावरला जड गोल तळाच्या, डोलणाऱ्या राजा-राणीच्या बाहुल्या होतात. तळ मातीने जड, वरचं अंग हलकं, युक्ती हीच. तंजावरच्या बाहुल्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. हे तंजावर म्हणजे जिथे भोसले घराण्याने 1855 पर्यंत राज्य केलं, तेच. आणि आपल्या पुण्यात आयुकामधल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून दाखवली. त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. काडीपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी वर्तमानपत्रं, झाडूच्या काड्या, एवढ्यावर त्यांचं काम चालतं. त्यांच्या खेळण्यांच्या छोट्या फिल्म मराठीतही आहेत, मोबाइलवर फुकट पाहायला मिळतात. गटाच्या बैठकीत एखादी लावून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाहुली मुलाच्या हाती दिल्यावर आपण काय करायचं? गप्प बसायचं! आपल्याला हे सगळ्यात अवघड जातं. मूल विचारतं, "आई, ही का उठते?" आपण लगेच उत्तर देतो. ते देऊ नका. उलट विचारा, "तुला काय वाटतं? डोक्यावर दोन गोळे लावले तर उठेल का?" आधी त्याने सांगायचं, मग करून पाहायचं. चुकलं तर ओरडायचं नाही, हसायचं नाही. बाहुलीच त्याला खरं काय ते सांगेल. आणि एक विनंती, करवतीने कापायचं काम मुलाला आणि रंग भरायचं काम मुलीला, अशी वाटणी करू नका. वयाने जे झेपेल ते दोघांनी करावं.

हा खेळ फक्त खेळ नाही, हेही सांगून ठेवतो. उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांवरून भरलेल्या ट्रॉल्या जातात. ट्रॉली जितकी उंच भरावी, तितका तिच्या वजनाचा मध्य वर सरकतो. रस्त्याची कड खचलेली असली, एक चाक खड्ड्यात गेलं, ट्रॉली कलली आणि तो मध्य चाकांच्या बाहेर गेला की ती उलटते. मग कुणाच्या हातात काही राहत नाही. तोडीला जाणाऱ्यांची पोरं पुष्कळदा त्याच उसावर वर बसलेली असतात. "उतर खाली" असं आपण ओरडून सांगतो, पोरगं ऐकत नाही, कारण त्याला वर बसायला मजा वाटते. ज्याने बाहुलीच्या डोक्यावर पाचवा गोळा लावून तिला पडलेली पाहिलीय, त्याला ट्रॉलीकडे बोट दाखवून एवढंच विचारा, "यात पाचवा गोळा कुठे आहे?" आमच्या मुलांना आम्ही हेच विचारतो. जीपच्या टपावर, ट्रॅक्टरच्या बाजूला, उंच रचलेल्या कडब्यावर बसायचं नाही, हे सांगायला आता नुसता धाक लागत नाही. कारण त्यांच्या हाताला कळलेलं असतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक करवंटी घेऊन या. पहिली बाहुली विकायची नाही, ती अंगणवाडीत द्यायची आणि बाईंना सांगायचं की मोडली तर आमच्याकडे पाठवा, दुरुस्त करून देऊ. कपाटात ठेवू नका. तुमच्या बाहुलीला किती गोळे लागले, ते आपल्या रेडिओ केंद्राला जरूर कळवा. कुणी करवंटीऐवजी भोपळा वापरला, कुणाला याहून हलकं डोकं सुचलं, तर तेही कळवा. आम्हालाही शिकायचं आहे.